एका नियमाची दोन उत्तरे

फेरारी एफ-४० या गाडीचे दार आतून उघडायचे असेल, तर एक तार ओढावी लागते. दाराला मूठ नाही, कप्पा नाही, आतून मढवलेले कातडे नाही. सुरुवातीच्या गाड्यांना काच खालीवर करायची सोयही नव्हती. प्लॅस्टिकची सरकती खिडकी तेवढी होती. पायाखाली गालिचा नाही, रेडिओ नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला बूस्टर नाही, एबीएस नाही. १९८७ साली जगासमोर आलेली ही गाडी त्या काळातल्या सर्वात महाग गाड्यांपैकी एक होती.

त्याच वर्षी जर्मनीत, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन या उपनगरात, पोर्श कंपनी ९५९ ही गाडी गिऱ्हाइकांच्या हवाली करू लागली होती. तिच्यात कातड्याच्या खुर्च्या होत्या, एअर कंडिशनिंग होते, विजेवर चालणाऱ्या काचा होत्या. रस्ता कोरडा आहे, ओला आहे की बर्फाळ आहे, हे चालकाने स्टिअरिंगजवळच्या एका दांड्याने गाडीला कळवायचे. मग चारही चाकांना किती ताकद द्यायची याचा हिशेब संगणक करणार. टायरमधली हवा कमी झाली, तर समोर इशारा उमटणार. गाडी जमिनीपासून किती उंच असावी, हेही बटणावर ठरणार.

दोन्ही गाड्यांना दोन-दोन टर्बो, दोन्हींची ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या आसपास किंवा वर, दोन्हींचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. दोघींचा उगमही एकच: मोटारशर्यतींच्या जागतिक नियमावलीतले एक कलम. एकाच प्रश्नाला इटली आणि जर्मनीने दिलेली ही दोन उत्तरे इतकी वेगळी निघाली, की चालक आणि रस्ता यांच्यामध्ये यंत्राने किती यावे, हा वाद मोटारींच्या जगात आजही याच दोन नावांनी घातला जातो.

२०० गाड्यांचा नियम

१९८२ साली शर्यतींसाठी नवी वर्गवारी लागू झाली. तिच्यातला ‘ग्रुप बी’ हा गट सर्वात मोकळा होता. शर्यतीत उतरवायच्या गाडीच्या किमान २०० प्रती कंपनीने तयार करायच्या, एवढी मुख्य अट. तोपर्यंतच्या गटांत याहून जास्त गाड्या बनवाव्या लागत. इथे मात्र दोनशे बनवल्या की इंजिन कुठे बसवायचे, किती टर्बो लावायचे, अंगाला कोणते साहित्य वापरायचे, यावर फारशी बंधने नव्हती. लान्चिया, प्यूजो, ऑडी, फोर्ड अशा कंपन्यांनी या मोकळीकीचा पुरेपूर फायदा घेतला. चार-पाच वर्षांत रॅलीच्या गाड्या इतक्या ताकदवान झाल्या, की कच्च्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी असताना, त्या सांभाळणे निष्णात चालकांनाही जड जाऊ लागले.

या नियमाच्या खुणा आपल्या दोन्ही कथांमधल्या इंजिनांवर कोरलेल्या दिसतात. टर्बो असलेल्या इंजिनाचे आकारमान नियमानुसार १.४ ने गुणायचे आणि येणाऱ्या उत्तरावरून त्याचा वर्ग ठरवायचा, अशी रीत होती. पोर्श ९५९ चे इंजिन २,८४९ घन सेंटिमीटरचे. त्याला १.४ ने गुणले की चार लिटरची मर्यादा जेमतेम हुकते. फेरारीने १९८४ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या २८८ जीटीओ या एफ-४० च्या पूर्वज गाडीचे इंजिन २,८५५ घन सेंटिमीटरचे. गुणाकार केला की तेही चार लिटरच्या आत, काठावर. स्टुटगार्ट आणि फेरारीचे मारानेल्लो या दोन गावांमधले इंजिनिअर एकमेकांना न विचारता सहा घन सेंटिमीटरच्या फरकाने एकाच आकड्यावर येऊन थांबले होते.

२ मे १९८६ रोजी कॉर्सिका बेटावरच्या रॅलीत फिनलंडचा हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची लान्चिया डेल्टा एस-४ रस्ता सोडून दरीत गेली आणि पेटली. दोघेही गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते. आता थांबणे भाग होते. रॅलीतला ग्रुप बी पुढच्या मोसमापासून बंद करण्याचा निर्णय काही दिवसांतच जाहीर झाला.

नियम गेला, पण त्या नियमासाठी ओतलेला पैसा, बांधलेले सांगाडे आणि जागवलेल्या रात्री कारखान्यांमध्ये तशाच उरल्या.

जुने वैर

या दोन कंपन्यांमधली चुरस त्या वेळी किती तापलेली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत फेरारीने साठच्या दशकाच्या पूर्वार्धात मक्तेदारी गाजवली. १९६५ नंतर मात्र तिचा विजय आटला. पोर्शने १९७० साली ९१७ या गाडीने तिथला पहिला एकूण विजय मिळवला, तोही फेरारीच्या ५१२ गाड्यांच्या ताफ्यासमोर. १९८१ ते १९८७ अशी सलग सात वर्षे ल माँ पोर्शने जिंकले.

फॉर्म्युला वन हे तर फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचे घरचे अंगण. तिथेही पोर्श मागच्या दाराने आली. मॅक्लारेन संघासाठी पोर्शने ‘टॅग’ या कंपनीच्या पैशातून टर्बो इंजिन तयार केले आणि त्या इंजिनाच्या जोरावर १९८४ साली निकी लाउडा, तर १९८५ आणि १९८६ साली अलाँ प्रॉस्ट विश्वविजेते झाले. १९८५ साली प्रॉस्टच्या मागे दुसरा आला तो फेरारीचा मिकेले आल्बोरेतो. इटालियन चालक इटालियन गाडीतून जगज्जेता होण्याची ती मोठी संधी जर्मन इंजिनाने हिरावून घेतली. ही सल मारानेल्लोत ताजी होती.

वाइसाखची प्रयोगशाळा

पोर्शची परिस्थिती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वेगळ्याच कारणाने नाजूक होती. कंपनीची ओळख असलेली ९११ ही गाडी बंद करून तिच्या जागी पुढे इंजिन असलेली ९२८ आणायची, असे जवळपास ठरले होते. १९८१ साली पीटर शुट्झ प्रमुखपदी आले. संशोधन विभागाचे प्रमुख हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर गाड्यांच्या भवितव्याचा तक्ता होता आणि ९११ ची रेघ १९८१ पाशी थांबलेली होती. शुट्झ यांनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर, भिंतीवर पुढे ओढत नेली, ही हकीकत पोर्शच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

रेघ ओढणे सोपे होते. मागच्या चाकांच्याही मागे इंजिन लटकलेली, हवेने थंड होणारी, १९६३ सालच्या आराखड्यावरची गाडी पुढच्या शतकात कशी न्यायची, हे बोट यांना शोधायचे होते. ग्रुप बी हे त्यांना हवे असलेले निमित्त ठरले. १९८३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘ग्रुप बी’ याच नावाने मांडलेल्या पांढऱ्या गाडीत ९११ ची आकृती ओळखू येत होती, पण आत जवळपास सगळे नवे होते. प्रकल्पाची धुरा मानफ्रेड बांटले यांच्याकडे होती.

वाइसाख येथील संशोधन केंद्रात त्यांनी एकेक दुखणे घेऊन त्यावर इलाज शोधला. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा द्यायच्या, तर इंजिनाचा माथा हवेने पुरेसा थंड होत नाही. म्हणून सिलिंडर हवेने थंड करायचे आणि माथ्याला पाणी खेळवायचे, ही शर्यतीच्या गाड्यांवर सिद्ध झालेली युक्ती इथे आणली. मोठा टर्बो उशिरा जागा होतो. म्हणून दोन टर्बो क्रमाने चालवायचे. कमी फेऱ्यांना सगळा धूर एकाच टर्बोला द्यायचा, म्हणजे तो लवकर फिरू लागतो. मिनिटाला चार हजारांवर फेऱ्या गेल्या की दुसरा सामील होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताकद वाटण्यासाठी संगणकाच्या ताब्यातला बहुपदरी क्लच. प्रत्येक चाकाला दोन शॉक ॲब्सॉर्बर, एक उंची सांभाळायला आणि एक कडकपणा. मॅग्नेशियमच्या चाकांचे आरे पोकळ. दारे आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे, बाकीचे बरेचसे अंग केव्हलार आणि काचतंतूंच्या मिश्रणाचे. सहा गिअर, त्यातला सर्वात खालचा खडबडीत जमिनीसाठी.

ही यंत्रणा तपासायला पोर्शने निवडली ती सहारा वाळवंटातून जाणारी पॅरिस-डकार रॅली. १९८४ साली चारचाकी ओढ बसवलेल्या ९११ मधून रेने मेत्झने ती जिंकली. १९८५ साली ९५९ च्या नावाने उतरलेल्या तिन्ही गाड्या वाटेतच बाद झाल्या. १९८६ साली, टर्बो इंजिनासह, तिन्ही गाड्या डकारपर्यंत पोचल्या: मेत्झ पहिला, जॅकी इक्स दुसरा आणि संघाची मदतगाडी म्हणून धावणारी, इंजिनिअर रोलंड कुस्माऊल यांच्या हातातली तिसरी ९५९ चक्क सहावी. त्याच वर्षी जूनमध्ये या गाडीची ९६१ ही शर्यतीची आवृत्ती ल माँला सातवी आली. जानेवारीत वाळूत आणि जूनमध्ये डांबरी रस्त्यावर ताशी ३०० च्या वेगाने, एकाच आराखड्याने सहा महिन्यांत हे दोन्ही करून दाखवले.

तरीही ९५९ ला ज्या शर्यतीसाठी जन्म दिला होता, ती तिला मिळाली नाही. आराखडा पुरा करण्यात वर्षे निघून गेली आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या तयार होईतो ग्रुप बी इतिहासजमा झाला होता.

मारानेल्लोची घाई

फेरारीकडे वेगळा ऐवज उरला होता. २८८ जीटीओच्या २७२ गाड्या विकून झाल्या होत्या आणि तिच्यावरून शर्यतीसाठी तयार केलेल्या ‘इव्होल्युझिओने’ नावाच्या मोजक्या, अंगापिंडाने रांगड्या गाड्या कारखान्यात उभ्या होत्या. त्यांना धावायला मैदान नव्हते.

या गाड्यांच्या मागे निकोला मातेराझ्झी हा इंजिनिअर होता. दक्षिण इटलीतल्या काम्पानिया प्रांतातला हा माणूस आधी लान्चियात स्ट्रॅटोससारख्या गाडीवर काम केलेला, टर्बोचा जाणकार. १९८६ साली एन्झो फेरारी ८८ वर्षांचे होते. कंपनीच्या नावाची पहिली गाडी १९४७ साली बाहेर पडली होती. चाळिसावा वाढदिवस तोंडावर आला होता. अलीकडच्या फेरारी फार सुखासीन झाल्या आहेत, अशी कुजबुज गिऱ्हाइकांमध्ये होती. इव्होल्युझिओनेच्या पायावर रस्त्यावर चालवता येईल अशी गाडी करायची आणि तीही जेमतेम वर्षभरात, असे ठरले.

वर्षभरात नवे तंत्रज्ञान शोधता येत नाही. पण नको ते काढून टाकता येते. मातेराझ्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी नळ्यांचा सांगाडा घेतला, त्याला कार्बन आणि केव्हलारच्या कापडाचे पापुद्रे चिकटवून ताठ केले आणि वरचे अंगही त्याच साहित्याचे केले. रंगाचा थर इतका पातळ, की उन्हात तिरके पाहिले तर खालच्या कापडाची वीण दिसते. मागची काच प्लॅस्टिकची आणि तिला खाचा, म्हणजे इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. कोरडे वजन ११०० किलो, म्हणजे ९५९ पेक्षा साडेतीनशे किलोंनी कमी. नियमाचे जोखड उतरल्यामुळे इंजिनही २,९३६ घन सेंटिमीटरपर्यंत वाढवता आले, त्याला १.४ ने गुणले तर चार लिटरची मर्यादा ओलांडली जाते, पण आता मोजणारे कोणी नव्हते. आठ सिलिंडर, दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती, पाच गिअर आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांना.

रूप पिनिनफरिनाच्या लिओनार्दो फिओराव्हांती यांच्या देखरेखीखाली साकारले. रेखाटनांत पिएत्रो कामार्देल्ला या तरुण आरेखकाचा मोठा हात होता. पुढे जमिनीला टेकल्यासारखे नाक, मागे गाडीच्या पूर्ण रुंदीचा उभा पंख, मध्ये हवा आत घेणाऱ्या खाचा. हे सौंदर्य हवेच्या बोगद्यातून आलेले आहे. पंखाशिवाय ती गाडी ताशी ३०० ला रस्त्यावर टिकली नसती. रस्त्यावरच्या चाचण्या दारिओ बेनुझ्झी या कसलेल्या चालकाने घेतल्या आणि सुरुवातीला हाताबाहेर जाणारे हे जनावर हळूहळू माणसाळवले.

२१ जुलै १९८७ रोजी मारानेल्लोत एन्झो फेरारींच्या उपस्थितीत एफ-४० वरचे कापड दूर झाले. कंपनीने वेग सांगितला ताशी ३२४ किलोमीटर. हा आकडा ताशी २०० मैलांच्या टप्प्यापलीकडचा होता. पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला एन्झो गेले. त्यांच्या हयातीत, त्यांच्या संमतीने रस्त्यासाठी सादर झालेली ही शेवटची नवी फेरारी.

दोन सीट, दोन स्वभाव

आकड्यांची तुलना इथे फार बोलकी आहे. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटर गाठायला ९५९ ला ३.७ सेकंद लागतात. एफ-४० साठी फेरारीने दिलेला आकडा ४.१. हलकी आणि जास्त ताकदवान गाडी मागे राहते, कारण मागची दोन चाके एवढी ताकद रस्त्यावर उतरवू शकत नाहीत. जर्मन गाडीची चार चाके उतरवतात. चाके एकदा घट्ट बसली की चित्र उलटते. ताशी २०० गाठायला एफ-४० ला १२ सेकंद पुरतात, ९५९ ला साधारण १४. शेवटचा वेग दोघींचा जवळपास सारखाच. नेहमीची ९५९ ताशी ३१७ पर्यंत जाते. तिची अधिक ताकदवान ‘स्पोर्ट’ आवृत्ती १९८८ साली इटलीतल्याच नार्दोच्या वर्तुळाकार मार्गावर ताशी ३३९ ला पोचली.

पण या गाड्या चालवलेली माणसे आकड्यांपेक्षा स्वभावाबद्दल बोलतात. एफ-४० चा क्लच जड, ब्रेकवर सगळा भार पायाचा, स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. कमी फेऱ्यांना इंजिन सुस्त वाटते. मग चार हजारांच्या आसपास दोन्ही टर्बो एकदम भरतात आणि कोरड्या ओढ्याला लोंढा यावा तशी ताकद येते. ती कधी येणार हे ओळखून, वळण संपायच्या आधी पाय किती दाबायचा हे चालकानेच ठरवायचे. ओल्या रस्त्यावर चूक झाली तर सावरायला यंत्रात कोणी बसलेले नाही.

९५९ त्याच वळणावर शांत असते. आवाज दबलेला, हादरे गिळलेले, टर्बोचे दोन टप्पे एकमेकांत मिसळलेले. ओला रस्ता असो की सांधे निघालेला काँक्रीटचा पट्टा, ती आपला मार्ग सोडत नाही. लांबच्या प्रवासाला, चार ऋतूंत, सामानासकट जाता येईल अशी ताशी ३०० ची गाडी त्या काळात दुसरी नव्हती. काही समीक्षकांना हाच तिचा दोष वाटला: वेग एवढा सुरक्षित झाला, की तो जाणवेनासा झाला.

या भांडणात तिसरा देशही शांतपणे सामील होता, हे सहसा लक्षात येत नाही. इटालियन गाडीचे टर्बो जपानच्या आयएचआय कंपनीचे होते आणि जर्मन गाडीचे टायर जपानच्याच ब्रिजस्टोनचे.

पैसा आणि कायदा

पोर्शने ९५९ ची किंमत ४ लाख २० हजार मार्क ठेवली. एवढ्या किमतीतही कंपनीला प्रत्येक गाडीमागे मोठे नुकसान झाले, असे जाणकारांचे एकमत आहे. बोट यांच्या विभागाने तो खर्च संशोधनाचा मानला. गिऱ्हाइकांना मिळालेल्या गाड्या तीनशेच्याही आतच राहिल्या. ऑक्टोबर १९८७ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, डॉलर आधीच घसरत होता आणि अमेरिकेवर अवलंबून असलेल्या पोर्शची विक्री आटली. त्या वर्षाच्या अखेरीस शुट्झ यांना पद सोडावे लागले; पुढच्याच वर्षी बोटही बाहेर पडले.

फेरारीने सुमारे ४०० एफ-४० करायचे ठरवले होते. मागणी इतकी आली, की १९९२ पर्यंत १,३०० हून अधिक गाड्या बनल्या, कारखान्यातून निघालेल्या जवळपास सगळ्या लाल. एन्झोंच्या मृत्यूनंतर तर लोकांनी हातातली गाडी मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मंदी आली, जपानी पैसा आटला आणि हे भाव जितक्या वेगाने चढले तितक्याच वेगाने खाली आले.

अमेरिकेत दोघींचे नशीब आणखी निराळे निघाले. फेरारीने तिथल्या नियमांप्रमाणे बदल करून दोनशेहून अधिक एफ-४० रीतसर विकल्या. पोर्शने आपटून तपासण्यासाठी ९५९ च्या गाड्या द्यायचे नाकारले, त्यामुळे ती तिथल्या रस्त्यांवर बेकायदा ठरली. मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी तरीही एक मागवली. ती कॅलिफोर्नियात सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात दहा वर्षांहून अधिक काळ पडून राहिली. त्यांचे भागीदार पॉल ॲलन यांचीही हीच गत झाली. अखेर १९९८ सालच्या कायदाबदलातून तांत्रिक किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या दुर्मीळ गाड्यांना वर्षाला २,५०० मैलांपर्यंत चालवायची सवलत मिळाली. ९५९ ही या सवलतीमागची सर्वात प्रसिद्ध गाडी.

आज बाजार काय सांगतो? चांगल्या अवस्थेतली एफ-४० वीस लाख डॉलरच्या पुढे जाते. कमी चाललेली असेल तर त्याहून बरीच जास्त. नेहमीची ९५९ सहसा तिच्या खाली राहते. डकारच्या वाळूत १९८५ साली उतरलेली एक ९५९ मात्र २०१८ साली अटलांटातल्या लिलावात ५९ लाख डॉलरच्या वर गेली. चौपटीहून जास्त संख्येने बनलेली गाडी दुर्मीळ गाडीपेक्षा महाग, हे संग्राहकांच्या जगातले नेहमीचे गणित उलटे करणारे आहे. त्याचे कारण गाड्यांनंतरच्या काळात शोधावे लागते. ९५९ मधले बहुतेक सगळे गुण पुढे साध्या गाड्यांमध्ये आले. चारचाकी ओढ, टायरच्या हवेचा इशारा, बटणावर बदलणारे सस्पेन्शन आज मध्यमवर्गीय घरातल्या एसयूव्हीतही सापडते. एफ-४० मध्ये जे होते, ते कायद्यांनी आणि सुखसोयींच्या मागणीने नव्या गाड्यांमधून हद्दपार झाले. लोक जे पुन्हा मिळणार नाही त्यासाठी पैसे मोजत आहेत.

मालकी मात्र स्वस्त नाही. बहुतेक एफ-४० ची पेट्रोलची टाकी रबरी पिशव्यांची आहे; गाडी एक मैल चालली नाही तरी ठरावीक वर्षांनी त्या बदलाव्या लागतात. ९५९ चे हायड्रॉलिक सस्पेन्शन दुरुस्त करणारे हात जगात मोजके आहेत.

भारतातल्या शौकिनांना या दोन्ही गाड्या घरी आणणे आजवर दुरापास्त राहिले आहे. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे, असा आपला नियम. या दोघी डाव्या स्टिअरिंगच्या. ब्रुनेईच्या राजघराण्यासाठी बदलून घेतलेल्या मोजक्या एफ-४० एवढाच अपवाद. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या एका पिढीने ९५९ पहिल्यांदा ‘चालवली’ ती २००० साली आलेल्या ‘नीड फॉर स्पीड: पोर्श अनलीश्ड’ या संगणकावरच्या खेळात. प्रत्यक्ष पाहायची तर मारानेल्लोचे फेरारी संग्रहालय आणि त्सुफेनहाउझेनला २००९ साली उघडलेले पोर्शचे संग्रहालय, ही दोन ठिकाणे युरोपच्या सहलीत एकाच आठवड्यात बसतात.

वारसा

९५९ ने पोर्शला तत्काळ काहीच मिळवून दिले नाही, पण ९११ पुढे कशी न्यायची, ही बोट यांची शंका तिने फेडली. १९८९ साली ९११ ला चारचाकी ओढ मिळाली. १९९५ सालच्या ९११ टर्बोत दोन टर्बो, सहा गिअर, चारचाकी ओढ आणि पोकळ आऱ्यांची चाके एकत्र आली. ९५९ चा तो जवळजवळ पूर्ण संच होता, कारखान्यात नेहमीच्या रांगेवर बनणारा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ९११ पूर्णपणे पाण्याने थंड होऊ लागली. भिंतीवर ओढलेली ती रेघ आजही चालू आहे, त्यात या गाडीचा वाटा फार मोठा आहे.

एफ-४० च्या मागे फेरारीने दर काही वर्षांनी एक खास गाडी काढायची परंपराच सुरू केली: १९९५ साली एफ-५०, २००२ साली एन्झो, २०१३ साली लाफेरारी. ऑक्टोबर २०२४ मध्ये या घराण्यातली पुढची गाडी एफ-८० जाहीर झाली. तीन लिटरचे टर्बो इंजिन, तीन विजेच्या मोटारी, एकत्रित ताकद १,२०० अश्वशक्ती, एकूण ७९९ गाड्या. तिच्या पुढच्या चाकांनाही ताकद मिळते आणि ती किती मिळावी हे संगणक ठरवतो. सस्पेन्शन स्वतःहून हालते. १९८७ साली मारानेल्लोने जे सगळे नाकारले होते, ते एफ-४० च्या वारसदाराला मिळाले.

आणि पोर्शने? ९११ ला ६० वर्षे झाली म्हणून २०२३ साली कंपनीने ९११ एस/टी ही गाडी काढली. टर्बो नाही, पुढच्या चाकांना ताकद नाही, मागची चाके वळवणारी यंत्रणाही काढून टाकलेली. हाताने टाकायचे सहा गिअर, कार्बनचे बॉनेट आणि दारे, वजन १,३८० किलो. ९११ च्या जन्मवर्षाइतक्याच, म्हणजे १,९६३ गाड्या बनवायचे कंपनीने ठरवले. काय काढता येईल, या मातेराझ्झींच्या प्रश्नावर आता वाइसाखचे इंजिनिअर काम करत आहेत.